टिकलीखालचा दिवा

पाट्याला पाय लागता कामा नये, असं बेबीआत्यानं जाहीर केलं, म्हणून पाटा गाडीच्या टपावर गेला.

"अगो बेबी, दगड आहे तो," बापूकाका म्हणाला. "खाली ठेवतो ना, सीटच्या मधे."

"आणि उल्काचे पाय कुठे जातील? पाट्यावरच ना? लग्नाला निघालेली मुलगी पाट्याला पाय लावत जाणार? वर ठेव."

पाट्यामागून वरवंटा वर गेला, गोणपाटात गुंडाळून. मग तांब्याचं घंगाळ आणि पितळी हंडा. घंगाळात देवाचं पाणी तापवतात आणि हंडा आजीच्या माहेरचा, तेव्हा त्यांनाही पाय लागून चालणार नव्हतं. साखरेच्या क्यूबचा लग्नमंडप, सुपाऱ्यांची सप्तपदी आणि बरण्यांतले पाच तऱ्हांचे लाडू मात्र आत सीटवर बसले, कारण ते नाजूक. घरघंटी डिकीत कोंबली आणि डिकीचं दार सुतळीनं बांधलं. एकंदर हिशेब असा होता, की जे पवित्र ते वर, जे नाजूक ते सीटवर आणि जी नवरी ती उरलेल्या जागेत.

हे माझं रुखवत. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर हे प्रदर्शन जातं आणि मांडवात टेबलांवर मांडतात. नवऱ्याकडच्या बायका त्याच्याभोवती फिरतात, लाडू दाबून बघतात आणि नवरीबद्दलचं मत तिथंच ठरवून टाकतात. माझं रुखवत आत्यानं एकटीनं केलं होतं. सगळी दिवाळी तिनं त्यात घातली. आत्या स्वतः लग्न होऊन वर्षा-दीड वर्षात माहेरी परतली ती कायमचीच. का परतली, हे घरात कुणी बोलत नसे, आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं. कपाळावर रुपयाएवढी मरून टिकली लावून ती आमच्या चिपळूणच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची आणि घरातल्या प्रत्येक मुलीचं रुखवत करायची.

बाकीचं वऱ्हाड पहाटेच बसनं पाटणला गेलं होतं. लग्न तिथं, मुलाच्या गावी, गोरज मुहूर्तावर. मला बस लागते, आणि हळदीच्या अंगानं नवरीनं गर्दीत जाऊ नये असं आत्याचं म्हणणं, म्हणून मी रुखवताच्या गाडीत. गाडी बापूकाकाची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण त्या बिचारीची काही चूक नव्हती. काकानं ती जुनीच घेतली होती, आणि गुळाच्या ढेपा वाहता वाहता तिला घरच्या बैलासारखी वागवली होती.

आता खरी गोष्ट सांगते. मला हे लग्न करायचं नव्हतं.

सकाळी हळद उतरवून मागच्या पडवीत आले, तेव्हा आत्याला मी ते सांगितलंसुद्धा. "आत्या, मला नाही करायचं हे लग्न."

ती माझ्या निऱ्या बघत होती. "हळद लागली की असं होतंच गो. मलापण झालं होतं." मग ब्लाउजमधून टिकल्यांचं पाकीट काढून तिनं माझ्या कपाळावर एक टिकली चिकटवली, लांब होऊन सरळ बसली का ते पाहिलं आणि लाडवांच्या बरण्या मोजायला निघून गेली.

मुकुंदात, म्हणजे नवऱ्या मुलात, दोष काय, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तो पाटणला दूध थंड करण्याच्या केंद्रात सुपरवायझर होता. मला बघायला आला तेव्हा पोहे खाता खाता त्याची नजर स्वयंपाकघरात गेली, आणि त्यानं नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं, की तुमच्या गॅसच्या नळीची मुदत संपली आहे. मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथं त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"गाडीत मागच्या सीटवर बसलात तर पट्टा लावता का?"

मी सत्तावीस वर्षांची होते. कादंबऱ्या वाचत होते. त्या गच्चीवरून वाशिष्ठीचं पात्र दिसतं, संध्याकाळची वेळ होती, आणि हा माणूस मला पट्ट्याचं विचारत होता. खाली आल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याआधीची दोन स्थळं नानांच्या फेऱ्या वाया घालवून गेली होती आणि आईचे गुडघे धरले होते. मी "बरंय" म्हणाले. त्या "बरंय"वर हॉल बुक झाला, पत्रिका छापल्या आणि वाजंत्री ठरली.

निघताना आत्या पुढे बसली, कारण मागे बसलं की तिला गरगरतं. मी मागे, मांडीवर साखरेचा मंडप घेऊन. गाडी सुरू झाली तशी मी पुढे वाकून पाहिलं. काकाच्या समोर, वेगाच्या काट्यांच्या काचेवर, एक मरून टिकली चिकटवलेली होती.

"काका, ती टिकली कसली?"

"ती होय? दिवा आहे तिथं. पिवळा. गाडी घेतली तेव्हापासून लागतोय. काय ते इंजिनाचं चित्र आहे. रात्रीचा डोळ्यांवर यायचा, तर बेबीनं बंदोबस्त केला."

"कुणाला दाखवलात?"

"काय दाखवायचंय? चालतेय ना गाडी?"

आत्या कौतुकानं टिकलीकडे बघत होती. पोफळी गाव मागे पडलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला.

पहिल्या वळणालाच डोक्यावर आवाज झाला. गडगडगड, आणि ठप्प. पुढच्या वळणाला तोच आवाज उलट्या बाजूनं.

"वरवंटा," आत्या म्हणाली. "गाठ नीट नाही मारलीस तू."

"पोत्याची गाठ मारलीय," काका म्हणाला. "आयुष्यात पोतं पडलेलं नाही माझं."

"वरवंटा गोल असतो, काका."

"तू नवरी आहेस ना? गप्प बसून राहा."

प्रत्येक वळणावर गाडी दरीकडे अशी कलायची, की सप्तपदीच्या सुपाऱ्या खुळखुळून उठायच्या. काका दुसरा गिअर टाकायचा, मग पहिला, मग परत दुसरा टाकून बघायचा. गाडीत उकडत होतं आणि कसलासा गोडसर वास येत होता. मला वाटलं, लाडू.

आणि टिकलीच्या शेजारी आणखी एक दिवा लागला.

"हा नवीन आहे," मी म्हणाले. "हा लाल आहे."

"घाटात लागतात," काका म्हणाला.

"ह्या मेल्याचा उजेड थेट डोळ्यांत येतोय," आत्या म्हणाली. तिनं ब्लाउजमध्ये हात घातला, पाकीट काढलं, एक टिकली सोलली आणि त्या लाल दिव्यावर चिकटवली. अंगठ्यानं दाबली. मग लांब होऊन सरळ बसली का ते पाहिलं.

सकाळी माझ्या कपाळावर तिनं असंच केलं होतं, अगदी असंच. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, पण मांडीवर साखरेचा मंडप होता, त्यामुळं दोन्ही आवरलं.

पुढच्या चढावर गाडीनं दम टाकला. काकानं पाय रोवून दाबलं तरी ती गोगलगाईसारखी चालली.

"ओझं जास्त झालंय," काका म्हणाला. "काहीतरी उतरवायला लागेल. ते वरचं काढून एखाद्या टपरीवर ठेवू, उद्या नेऊ."

"रुखवतातलं काही उतरणार नाही," आत्या म्हणाली. "अर्धं रुखवत घेऊन जायचंय होय मला?"

"मग उतरवायचं काय?"

मग दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी चालले. माझ्या लग्नाच्या दिवशी, पिवळी साडी, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि कपाळाला मुंडावळ्या बांधून, मी कुंभार्ली घाट पायी चढले, आणि माझ्यापुढं माझं रुखवत गाडीत बसून चाललं होतं. साखरेचा मंडप माझ्या जागेवर ठेवला होता आणि काकानं त्याला पट्टा लावला होता. मागून येणारे ट्रक हॉर्न देत. एका ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "ताई, पळून चाललात की नवरा शोधायला चाललात?" मी हात हलवला. खरं म्हणजे मला बरं वाटत होतं. वारा होता, आणि पाटण अजून लांब होतं.

तेवढ्यात टपावरचं गोणपाट हललं. वरवंटा त्यातून बाहेर आला, टपाच्या कडेवर जरा टेकला आणि मागं सुटला. रस्त्यावर तो आपटला तेव्हा ठिणगी उडालेली मी पाहिली. मग एक टप्पा घेऊन तो थेट माझ्याकडे आला. मी कठड्याला चिकटले. माझ्या पायाला वारा लावून तो गेला, कठड्याच्या फटीतून निसटला आणि खाली दरीत झाडं मोडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं, पण तो दिसला नाही. आणि पुढं गाडीच्या बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली, गाडी थांबली, जरा मागं सरकली आणि काकानं हँडब्रेक ओढला तशी कण्हत उभी राहिली.

आत्या उतरून आधी टपाकडे बघत राहिली. "वरवंटा? माझा वरवंटा कुठाय?"

"गेला," मी म्हणाले. "माझ्या पायाजवळून गेला."

"जोडी मोडली गो! पाट्यावरवंट्याची जोडी मोडली, लग्नाच्या दिवशी!" ती कपाळावर हात मारून रस्त्याच्या कडेला बसली. माझ्या पायाचं कुणी काही विचारलं नाही.

माझ्या पर्समध्ये मोबाइल होता. नानांचा नुसता वाजत राहिला, हॉलच्या गडबडीत त्यांना ऐकू येत नसावा. दुसरा नंबर होता मुकुंदचा. बघायला आला तेव्हा त्यानं कार्ड दिलं होतं, "अडचण आली तर" असं म्हणून. मी कधी लावला नव्हता. आता लावला, आणि मदत मागायला नाही. मला वाटलं, मुहूर्त चुकेल, लोक चिडतील, कुणीतरी काहीतरी बोलेल, आणि हे सगळं आपोआप मोडेल. माझ्यावर न येता.

"हॅलो? उल्का बोलतेय. आमची गाडी घाटात बंद पडली आहे. कुंभार्लीत. वाफ येतेय, दिवे लागलेत. मला वाटतं आज काही आमचं पोचणं होत नाही."

पलीकडे सनई वाजत होती. मग दार लावल्याचा आवाज आला आणि सनई थांबली.

"दिवा लाल की पिवळा?" तो म्हणाला.

"काय?"

"दिवा. लाल आहे की पिवळा?"

त्या गाडीतून आमचं घर वर्षभर फिरलं होतं. माणसं आणि गूळ मिळून. हा प्रश्न कुणालाही सुचला नव्हता.

"दोन्ही आहेत," मी म्हणाले. "पिवळा आधीपासूनचा. लाल आत्ता लागला. टिकलीखाली आहेत."

तो टिकलीबद्दल काही बोलला नाही. "पिवळा म्हणजे बघून घ्या, सावकाश चला, दुरुस्त करा. लाल म्हणजे तिथंच थांबा. एक पाऊल पुढं न्यायची नाही. चित्र कसलं आहे?"

मी गाडीत वाकून नखानं टिकली काढली. "थर्मामीटर पाण्यात बुडवल्यासारखं."

"इंजिन बंद आहे? बरं. चाकामागं मोठा दगड लावा. आणि ऐका, झाकण उघडू नका कुणी. पाणी घालायची घाई करू नका. उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं."

मी वर पाहिलं. काकानं बॉनेट उघडलं होतं, खांद्यावरचा टॉवेल झाकणावर टाकला होता आणि पिळायला हात लावला होता.

"काका, हात काढा!"

"अगो थंड करतोय मी..."

"हात काढा म्हणते ना! हात काढा तिथून!"

घाटात माझा आवाज घुमला. आयुष्यात मी काकाला असं कधी बोलले नव्हते, कुणालाच नव्हते. काकानं दोन्ही हात वर केले आणि पोलिसांनी पकडल्यासारखा मागं सरला. झाकणाच्या कडेनं फुस्स करून वाफ आली आणि टॉवेल उडाला. काका त्या टॉवेलकडे बघत राहिला आणि मग त्यानं आपल्या तोंडावरून सावकाश हात फिरवला.

"झालं काही?" मुकुंद फोनवर विचारत होता. "कुणाला लागलं का? तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग का कुणास ठाऊक, सांगितलं, "वरवंटा पायाजवळून गेला."

"टपावरून? दगड टपावर ठेवला होता?"

"पाय लागू नये म्हणून."

"मी येतो," तो म्हणाला.

"तुम्ही? तुम्हाला हळद लागली आहे. शीव ओलांडायची नसते."

"कट्यार आहे बरोबर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चाकामागं लावायला मोठा दगड हवा म्हणताच काकाची नजर टपावरच्या पाट्याकडे गेली. "खबरदार!" आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. मग काका आणि मी कडेचा एक धोंडा लोटत आणून लावला. हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या त्यात फुटल्या. आत्यानं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

बऱ्याच वेळानं वरून जीप आली. ती दिसताच आत्या ताडकन उठली.

"नवरदेव आहे! उल्के, तोंड फिरव! अंतरपाटाआधी एकमेकांचं तोंड बघायचं नसतं!"

"आत्या, अगो आम्ही गच्चीवर..."

"हळद लागल्यावर नाही!"

तिनं गाडीचं दार उघडलं, रुखवतातला भरतकामाचा मोठा पडदा उपसून काढला आणि त्याचं एक टोक दाराला अडकवलं. दुसरं टोक धरून ती स्वतः उभी राहिली, हात वर करून. पडद्यावर दोन मोर होते आणि मधे "सुस्वागतम्". ती अक्षरं माझ्या बाजूला आली. पलीकडे मुकुंद होता, त्याचे नुसते पाय दिसत होते. हळदीनं पिवळे झालेले पाय, दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला आणि धोतराचा काठ. बाजूच्या फटीतून काय काय दिसेल ते मी बघत होते. हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. हळदीच्या नवरदेवाला एकटं सोडत नाहीत, म्हणून त्याचे मेहुणे आले होते, ते जीपला टेकून तंबाखू मळत होते.

त्यानं आधी काही केलंच नाही. नुसता उभा राहिला. काका म्हणाला, "उघडा की आता."

"गार होऊ दे," मुकुंद म्हणाला.

आम्ही सगळे गाडी गार होण्याची वाट बघत उभे राहिलो. आत्यानं हात बदलला, पण पडदा खाली केला नाही. मग मुकुंदनं झाकण उघडलं, पाण्याची एक नळी फाटली होती ती शोधली, आणि नळी ओढताच मघाच्याच गोडसर वासाचं हिरवं पाणी सगळं त्याच्या धोतरावर आलं. मी पडद्याखालून बघत होते. त्याच्या पिवळ्या पायांवरून हिरवं पाणी ओघळत होतं. त्यानं तोंडातून एक अक्षर काढलं नाही. फाटलेला भाग कापून नळी परत बसवली, आणलेल्या कॅनमधून पाणी भरलं.

मग तो टपावर चढला. काकाच्या पोत्याच्या गाठी सुटेनात, तेव्हा त्यानं कट्यारीचं लिंबू काढून काकाच्या हातात दिलं आणि दोर कापला.

"जड ते खाली," तो म्हणाला. "आणि मधोमध. वर फार तर चादरी ठेवा. ती घरघंटी जीपमध्ये जाईल, हंडा आणि घंगाळही. पाटा इथं, मागच्या सीटच्या पायाशी."

"पाय लागतील," आत्या पडद्यामागून म्हणाली.

तो खाली उतरला. पाटा रस्त्यावर ठेवून त्यानं आधी त्याला वाकून नमस्कार केला. मग तो शालीत गुंडाळला आणि गाडीत आडवा ठेवला. "तुम्ही मागं मांडी घालून बसा. नाही लागणार."

मग पडद्यापलीकडे करकर आवाज आला. साखर चिरडल्याचा.

"काय मोडलं?" आत्यानं विचारलं.

"साखरेचं देऊळ होतं बहुतेक," मुकुंद म्हणाला. "मी बसलो त्यावर. मीच. बघितलं नाही."

"मंडप होता," आत्या म्हणाली.

"माफ करा. दुसरा करता यायचा नाही मला."

आमच्या घरात काही मोडलं की मांजरानं मोडलेलं असतं. मांजर नाही आमच्याकडे. माझ्या कानांना "मीच" हा शब्द इतका नवा होता, की मी पडद्याच्या अगदी जवळ गेले.

काका आणि मेहुणे घरघंटी उचलून जीपकडे गेले होते. पडद्याच्या एका टोकाला गाडीचं दार होतं, दुसऱ्या टोकाला आत्या. तिनं तोंड दरीकडे फिरवलं होतं. मी हळूच म्हणाले, "ऐका ना. मला हे लग्न करायचं नव्हतं. मघाशी फोन केला तो त्यासाठीच. मला वाटलं मोडेल."

मोरांखालचे पाय जागचे हलले नाहीत. वाटलं, आता हा ओरडेल, किंवा मेहुण्यांना हाक मारेल.

"हे लाल आहे की पिवळं?" त्यानं विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"लाल असेल तर इथंच थांबू," तो म्हणाला. आवाज साधाच होता, पण जरा चिरकला. "पुढं न्यायचं नाही. घरी मी सांगतो, तुमच्यावर येणार नाही. हॉल, पाहुणे, ते सगळं मी बघतो. पिवळं असेल तर... तर हळू जाऊ. काय बिघडलंय ते बघत बघत."

सत्तावीस वर्षांत मला एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी खरंच विचार केला. घाटात गाड्या येत-जात होत्या, आणि मी पडद्यावरच्या मोराच्या डोळ्याकडे बघत उभी होते. त्या माणसाचे पाय पिवळे आणि हिरवे होते, आणि ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"पिवळं," मी म्हणाले.

"नक्की?"

"फोन केला तेव्हा लाल होतं."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पट्टा लावा बसल्यावर."

तो गेला. आत्यानं पडदा खाली घेतला आणि घडी घालायला लागली. दरीकडेच बघत होती ती. बराच वेळ तिची घडी जमत नव्हती.

उरलेला रस्ता काकानं असा चालवला, की बैलगाडीवाल्यानं हसावं. आत्या मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती आणि प्रत्येक वळणाला खाली वाकून पाट्याला नमस्कार करत होती. काट्यांच्या काचेवर एकच टिकली उरली होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. हॉलमध्ये धावाधाव, आईची रडारड, नानांचा आरडाओरडा. रुखवत टेबलांवर मांडलं गेलं. वरवंट्याविना पाटा, आणि ताटात साखरेचा चुरा. नवऱ्याकडच्या बायकांनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. आत्या त्या टेबलापाशी उभीसुद्धा राहिली नाही. ती मला घेऊन नवरीच्या खोलीत आली आणि तिनं दार लावलं.

घाटात घामानं माझ्या कपाळावरची टिकली कुठंतरी गळून गेली होती. आत्यानं मला शालू नेसवला, मुंडावळ्या नीट केल्या, केसांत गजरा माळला. बाहेर भटजी माईकवर हाका मारायला लागले होते, नवरीला आणा, नवरीला आणा.

आत्यानं पाकीट काढलं. एक टिकली सोलून बोटाच्या टोकावर घेतली. हात माझ्या कपाळापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"मला कुणी विचारलं नव्हतं गो," ती म्हणाली.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. दारावर कुणीतरी थापा मारत होतं, बहुधा नाना.

"थांबा जरा!" आत्या दाराकडे बघून ओरडली. मग माझ्याकडे वळली. "उल्के, नक्की पिवळंच ना? मुहूर्ताचं मी बघते. तू खरं सांग."

टिकली तिच्या बोटावर होती. मी उत्तर देईपर्यंत तिनं ती तशीच धरून ठेवली.